निरोपाचं पाणी

मेहरूणला आमच्या सोसायटीच्या गेटवर जो वॉचमन बसतो, तो मला रोज सकाळी विचारतो, "काका, कुठे?" मी रोज सांगतो, "दूध आणायला." त्याला ते ठाऊक असतं, तरी विचारल्याशिवाय तो कडी काढत नाही. घरातले त्याच्यावर वैतागतात. मला मात्र तो आवडतो. उघडण्याआधी समोर कोण आहे ते बघणाऱ्या माणसाची किंमत मला जरा उशिराच कळली, आणि ती कशी कळली ते सांगावं म्हणून हा लेख लिहायला बसलो आहे.

मी एकतीस वर्षं गेट उघडायचं आणि बंद करायचं काम केलं. एवढंच सांगितलं की समोरचा माणूस लगेच ठरवून टाकतो की मी रेल्वेत होतो. त्याचं चुकत नाही. माझं लहानपण धरणगावचं. तिथे "गेट पडलं" म्हणजे सायकलवरून उतरायचं आणि मालगाडीचे डबे मोजत उभं राहायचं. कॉलेजात "गेटवर भेटू" म्हणजे तास बुडवायचा. माझा मेहुणा साखर कारखान्यात होता, त्याच्याकडे गेट म्हणजे ऊस भरलेल्या गाड्यांची रांग. माझी नात परवा म्हणाली, "आबा, मी यंदा गेट देतेय." ती इंजिनिअरांची कसलीशी परीक्षा निघाली. घराघराला, कामाकामाला आपापलं गेट असतं. माझं गेट धरणाचं होतं. रेल्वेचं गेट उचललं की माणसं सुटतात, आमचं उचललं की पाणी सुटतं.

धरण खानदेशातलंच, पण नाव लिहीत नाही. माझ्या हाताखाली शिकलेली माणसं तिथे अजून नोकरीत आहेत.

बाहेरच्या माणसाला धरणाची गेटं म्हणजे पावसाळ्यात टीव्हीवर दिसतात ती वाटतात. फेसाळतं पाणी, वर छत्र्या घेतलेली गर्दी. ती सांडव्यावरची मोठी गेटं. ती वर्षातून मोजके दिवस उघडतात आणि सगळं कौतुक तीच खातात. खरं बाराही महिन्यांचं काम खालच्या दोन लहान गेटांचं. एक कालव्याचं, शेतीसाठी. दुसरं नदीचं. उन्हाळ्यात खालच्या गावांच्या विहिरी आटल्या, शहराच्या नळांना पाणी येईना झालं, की वरून आदेश येतो आणि नदीच्या गेटातून कोरड्या पात्रात पाणी सोडतात. त्याला आवर्तन म्हणतात. गेट सरळ वर उचललं जातं. मोटर आहे, बटण आहे, आणि वीज गेली तर लोखंडी हँडल आहे. दोन माणसांनी घाम गाळून ते फिरवलं की गेट बोटभर वर येतं. किती उचललं ते सेंटिमीटरमध्ये रजिस्टरात लिहायचं आणि सही करायची. झालं काम. दोरांना ग्रीस, पावसाळ्याआधी रंग आणि गळती बंद करणं, ही वरकड कामं.

गळती ही गेटवाल्याची अब्रू. गेटाच्या कडेचं रबर झिजलं की बारीक धार लागते. मग वरच्या अंगाला, पाण्याच्या बाजूने, कोळशाची राख टाकायची. राख पाण्याबरोबर फटीत ओढली जाते आणि धार बसते. असाच एकदा मी राखेचं पोतं घेऊन निघालो होतो, तर देवपूरहून एक कुटुंब आलं. वडील वारले होते. नदी ठणठणीत कोरडी. मोठा मुलगा हात जोडून म्हणाला, "साहेब, पंधरा मिनिटं पाणी सोडा. अस्थी विसर्जित करू आणि जाऊ." मी साहेब नव्हतो आणि पंधरा मिनिटांचा आदेश मला कुणी देणार नव्हतं. पण त्या धारेखाली गुडघाभर डबकं साठलं होतं. मी त्यांना तिथे नेलं. त्यांच्या हातात राख, माझ्याही हातात राख. त्यांचं होईपर्यंत मी पोतं उघडलं नाही. जाताना त्यांनी माझ्या गळक्या गेटाला नमस्कार केला. तेवढ्या एका गळतीची मला लाज वाटली नाही.

पण सांगायचं आहे ते वेणूअक्काचं.

त्याआधी धोंडू मिस्त्रींचं सांगावं लागेल, कारण काम मी त्यांच्या हाताखाली शिकलो. बुटका माणूस, कानात सदा विडी खोचलेली. मी नोकरीत नवा असताना पहिल्यांदा नदीचं गेट उचलायची वेळ आली. गेट किती उचलायचं तो आदेशातला आकडा माझ्या हातात होता. भोंगा वाजवून झाला होता, खालच्या गावांच्या पोलीस पाटलांना फोन झाले होते. मी बटणावर बोट ठेवलं आणि मिस्त्रींनी माझं मनगट धरलं.

"कितलं उचलस?"

मी आकडा सांगितला.

"नही. चार बोटं उचल. बस."

चार बोटं गेट उचललं. पाण्याची एक पातळ धार पात्रात उतरली आणि वाळूतून वाट काढत निघाली. मिस्त्री विडी पेटवून निवांत बसले. मी घड्याळ बघत होतो. चांगले तीन तास गेल्यावर ते उठले आणि म्हणाले, "आते दे आकडा." मी विचारलं, हे कुठल्या नियमात आहे? ते म्हणाले, "खाले मानसं शेतस, भाऊ. पहिले निरोप धाड, मंग पानी धाड."

हे त्यांचं निरोपाचं पाणी. भोंगा ऐकू जातो फार तर कोस दीड कोस, आणि तोही वारा असेल तिकडे. फोन पाटलाकडे जातो. पण पात्रात धुणं धुणारी, गुरं घेऊन उतरलेली, मोटर लावून बसलेली माणसं असतात, त्यांच्या पायाशी ती धार जाऊन पोचते. धार दिसली की सगळे समजतात, मागून मोठं येतंय. आवराआवर करून वर येतात. कुठल्याही पुस्तकात हे नाही. रजिस्टरात आम्ही शेवटचाच आकडा लिहायचो. साहेब लोकांना माहीत असायचं आणि ते त्या वेळी दुसरीकडे बघायचे. मिस्त्री निवृत्त झाले, पुढे वारलेही. मी चार बोटं आणि तीन तास सोडले नाहीत. त्याचा मला अभिमान होता, आणि तो मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

धरणाच्या खाली काही कोसांवर नदी फाकते आणि मध्ये वाळूचं बेट आहे. तिथे टरबुजाच्या वाड्या असायच्या. ज्यांना शेत नाही त्यांची ही शेती. पाणी ओसरलं की वाळूत ओल लागेपर्यंत चर खणायचे, खत भरायचं, बी टोचायचं, वाऱ्याला आडोसा म्हणून गवताची कुडं उभी करायची. सातबारा नाही, पंचनामा नाही. कागदावर तिथे नुसती नदी. त्यातली एक वाडी वेणूअक्का आणि तिचा नवरा सुपडू यांची. सुपडूचा एक पाय लहानपणापासून अधू. तो वाडीतच झोपडीत राहायचा. कोल्हे पिकलेलं टरबूज नेमकं ओळखतात, म्हणून झोपडीशेजारी त्याने राखणीचा माळा बांधला होता. बाजारहाट, बोलणंचालणं सगळं अक्काचं. दरवर्षी वाडीतलं पहिलं पिकलेलं टरबूज ती स्वतः डोक्यावर घेऊन धरणावर यायची. "गेटना मान शे," म्हणायची. ज्या गेटामुळे तिची वाडी कधीही वाहून जाऊ शकते त्या गेटाला मान! मी एकदा थट्टेने तसं म्हणालो, तर ती म्हणाली, "गेट सांगीसन येस ना, भाऊ." गेट सांगून येतं. मला त्या दिवशी टरबूज जास्तच गोड लागलं.

मग ते वर्ष आलं. चैत्र लागला होता. शहरात नळाला पाणी नाही म्हणून ओरड, खालच्या गावांतून टँकर. सकाळी दहाच्या सुमाराला आदेश आला. भोंगा वाजवला, पाटलांना फोन केले, गेट चार बोटं उचललं आणि तीन तास थांबलो. घड्याळ लावून थांबलो. एक वाजता पूर्ण आकडा दिला, रजिस्टरात सही केली आणि डबा उघडला.

तीनच्या पुढे फोन वाजला. वाड्यांच्या गावचे पोलीस पाटील ओरडत होते, "भाऊ, गेट पाडा! सुपडू बेटावर अडकलाय!"

मी गेट खाली घेतलं. गेट पाडलं की पाणी थांबतं असं गेटवर उभ्या असलेल्यालाच वाटतं. मधल्या काही कोसांत जे पाणी होतं ते आता माझं ऐकणार नव्हतं. ते सगळं त्या बेटावरून जाईपर्यंत कुणी काही करू शकत नव्हतं. मोटारसायकल काढली आणि नदीच्या कडेने निघालो.

वाटेत जुन्या पुलापाशी मी गाडी थांबवली. का थांबवली ते तेव्हा कळलं नाही, डोळ्यांनीच थांबवली. पुलाच्या अलीकडे-पलीकडे पात्रात वाळूउपशाचे खड्डे होते. दोन-दोन पुरुष खोल. एक झाला की दुसरा. आता ते काठोकाठ भरून वर पाणी वाहत होतं, पण भरायला किती पाणी आणि किती वेळ गेला असेल ते मला त्या क्षणी समजलं. माझं चार बोटांचं पाणी या खड्ड्यांत उतरलं होतं आणि तिथेच बसलं होतं. पुढे एक थेंब गेला नव्हता. वाळूचे ट्रॅक्टर मी सबंध हिवाळाभर जाताना पाहिले होते. त्यांना शिव्याही घातल्या होत्या. पण माझा निरोप त्याच वाटेने जातो हे एकदाही मनात आलं नव्हतं.

काठावर सगळं गाव जमलं होतं. बेट दिसत नव्हतं. गवताची कुडं, वेल, टरबुजं तरंगत चालली होती. झोपडी गेली होती. माळ्याचे चार खांब तेवढे उभे आणि वर सुपडू, दोन्ही हातांनी खांब कवटाळून. दोन तरुण कमरेला दोर बांधून, ट्रकची ट्यूब घेऊन पाण्यात उतरले होते. त्यांना तिथवर पोचायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. सुपडूला ट्यूबवर घेतलं आणि ओढत काठाला आणलं, तेव्हा ट्यूबवरची त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. पण माणूस जिवंत होता.

वेणूअक्का काठावर उकिडवी बसली होती. शेजारी रिकामी टोपली. त्या दिवशी पहिला माल घेऊन ती गावात गेली होती. तिने मला पाहिलं. मला वाटलं आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाऊ," ती म्हणाली, "पाटील सांगी गया व्हता, पानी येनार शे. मी रेतीमा हात घालीसन देखा. कोरडी व्हती. मी म्हनं, भाऊना निरोप उना नही आजून. भाऊ सांगाशिवाय सोडनार नही." तिने शेजारची टोपली पालथी घातली. "म्हनीसन यास्ले एकला सोडीसन गऊ."

म्हणून नवऱ्याला एकटं सोडून ती गावात गेली होती. पाटलाचा निरोप तिला मिळाला होता. तिने तो मानला नाही, कारण तिचा माझ्यावर जास्त विश्वास होता. माझी पद्धत नसती तर ती नवऱ्याला घेऊन वर आली असती. इतकी वर्षं ज्या गोष्टीची मी फुशारकी मारत होतो, त्याच गोष्टीने सुपडूला माळ्यावर चढवलं होतं.

पुढे चौकशी झाली. भोंग्याची नोंद होती, पाटलांना केलेल्या फोनची नोंद होती, आकडा बरोबर होता. निरोपाचं पाणी नियमात नव्हतंच, त्यामुळे ते पोचलं नाही असं म्हणायलाही जागा नव्हती. नदीपात्रात वाडी करायला परवानगी नव्हती, म्हणजे वाडीही नव्हती. कागदावर मी स्वच्छ सुटलो. सहकाऱ्यांनी पेढे मागितले. मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं आणि तिच्यासमोर रडलो.

पुढच्या वर्षी धरणावर टरबूज आलं नाही.

उन्हाळ्यात आवर्तनाचा आदेश आला तेव्हा मी साहेबांना म्हणालो, "मला दोन तास द्या. मी खाली जाऊन येतो." साहेब तरुण होते, बदलून नवीनच आलेले. म्हणाले, "भाऊ, पाटलांना फोन केलाय ना?" मी म्हणालो, "केलाय. पण मला उत्तर पाहिजे." ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग दुसरीकडे बघू लागले. बऱ्या साहेबांना ते जमतं.

मी बेटावर गेलो. त्यांनी पुन्हा वाडी केली होती. न करून काय करणार? अक्काने मला बसायला सांगितलं नाही. मी उभ्या उभ्या म्हणालो, "अक्का, तुझा फोन नंबर दे. मी विचारल्याशिवाय गेट उचलणार नाही." तिने नंबर दिला, पण माझ्याकडे न बघता. त्या वर्षी फोन केला तर ती फक्त "हां" म्हणाली आणि फोन ठेवला. त्याच्या पुढच्या वर्षीही "हां". टरबूज दोन्ही वर्षं नाही. मी म्हणायचो, ठीक आहे. पण होळी झाली की धरणाच्या वाटेवर डोक्यावर टोपली घेतलेलं कुणी दिसतंय का ते बघायचो. पन्नाशी उलटलेला सरकारी नोकर टरबुजाची वाट बघत होता, आता काय लपवायचं.

माझ्या नोकरीचा शेवटचा उन्हाळा फार कडक गेला. आदेश नेहमीपेक्षा लवकर आला. मी मनातल्या मनात हिशेब केला, टरबुजं अजून भरायची होती. साहेबांना म्हणालो, आठ दिवस थांबता येईल का? साहेबांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "भाऊ, खालच्या तीन गावांत टँकरवर भांडणं चाललीत. सरकारी दवाखान्याची टाकी रिकामी आहे. तुम्हीच सांगा, कुणाला थांबा म्हणू?" मी उठलो.

बाहेर येऊन अक्काला फोन लावला.

"अक्का, आज पाणी सोडायचं आहे."

पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता.

"आजून आठ दिन लागतीन, भाऊ," ती म्हणाली. "फय आतून धवळं शे."

"माहीत आहे, फळ अजून पांढरं आहे. मी विचारून पाहिलं. होत नाही."

मला वाटलं फोन ठेवेल. मग ती म्हणाली, "दवाखानामा पानी नही म्हंतस, खरं शे का?"

"खरं आहे."

"कितला येळ शे?"

"तू सांगेपर्यंत."

हे बोलायचा मला अधिकार नव्हता. आदेशावर वेळ लिहिलेली होती आणि ती टळत होती. साहेब दोनदा येऊन घड्याळाकडे बघून गेले. भोंगा वाजवून झाला. चार बोटांचं पाणीही सोडलं, खड्ड्यांत जाणार हे माहीत असून सोडलं, मिस्त्रींसाठी. बटणापाशी स्टूल घेऊन मी फोन मांडीवर ठेवून बसलो. बारा वाजले, एक वाजला. आयुष्यभर मी वरच्या आदेशाची वाट बघून गेट उघडलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा खालच्या माणसाची वाट बघत होतो.

दोन वाजून गेल्यावर फोन आला. अक्का धापा टाकत होती.

"आते सोड, भाऊ. यास्ले वर आनं. शेया बी आन्यात. बठ्ठा वर शेतस."

"माणसं, शेळ्या सगळं वर? वाडीत कुणी नाही ना?"

"वाडीमा आते वाडीच शे," ती म्हणाली. "सोड."

मी बटण दाबलं. मोटर घुमली, दोर ताणले, गेट वर आलं. आकडा लिहिला, सही केली. आदेश कुणाचा, या रकान्यात कार्यालयाचा क्रमांक टाकावा लागतो, तो टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून सुपडू धरणावर आला. काठी टेकत जिना चढला. खांद्याला पिशवी होती. तिच्यातून त्याने एक टरबूज काढलं, लहानसं, आणि गेटाच्या चबुतऱ्यावर ठेवलं.

"तिनी धाडं," तो म्हणाला. "वर येता येता जितला तोडता उनात तितला तोडात. कच्चं शे. पन पहिलं शे. गेटना मान."

तो गेल्यावर मी ते कापलं. आत पांढरं होतं, बियांपाशी थोडी गुलाबी झाक. चव म्हणाल तर काकडीची. मी साहेबांना दिलं नाही, कुणालाच दिलं नाही. एकट्याने बसून शेवटच्या फोडीपर्यंत खाल्लं.